सात किल्ल्या आणि एक वाक्य

माझ्या मुलीचं पहिलं खेळणं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. सासरे कुलूपवाले. त्यामुळे आमच्या घरात बाहुली शोधावी लागते, किल्ली मात्र कुठेही हात घातला की मिळते. त्या जुडग्यातली प्रत्येक किल्ली लेकीच्या घशात कशी कशी अडकू शकते याची चित्रं माझ्या डोक्यात तयारच असतात, म्हणून मी तो रोज उकळून काढते. सासूबाई म्हणतात, "मऊ झाल्या की सांग गं, मीठ घालू."

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी ठरत नाही म्हणून. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, पण अजून कायम झालेले नाही. मी शाळेत असते तेव्हा भिंगरी दुकानात असते, सासऱ्यांच्या मांडीवर. हे आधी सांगायला हवं, कारण ज्या माणसाच्या जिवावर मी नोकरी करते, त्याच माणसाने माझ्या नोकरीवर कानस चालवली. तीही अगदी प्रेमाने, तोंडाने शीळ घालत.

झालं असं. आमच्या शाळेच्या समितीत तीन माणसं. मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. अध्यक्ष, त्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान आहे. आणि वस्तीतले जुने रहिवासी म्हणून माझे सासरे. अध्यक्षांच्या डोक्यात आलं की उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी शिक्षकाने वर्गाला एक वाक्य वाचून दाखवायचं. कल्पना त्यांची, वाक्य मात्र सासऱ्यांनी तयार केलं. आमच्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच पेनाने: 'उत्क्रांती ही केवळ एक थिअरी आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.'

"कसं वाटतं?" त्यांनी मलाच विचारलं.

"बाबा, थिअरी म्हणजे अंदाज नव्हे."

"मग काय? माझीपण एक थिअरी आहे, की तुझा नवरा दुपारी दुकानात झोपतो."

"ती थिअरी नाही," सासूबाई म्हणाल्या, "ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

नवरा ताटात बघत राहिला.

"हे बघ पोरी," सासरे म्हणाले, "हिने पाहिलं, म्हणून ते खरं. तुझ्या त्या माकडांचं कुणी पाहिलंय? तू होतीस तिथे? मी होतो? साधं कुलूप घे. कुणीतरी घडवल्याशिवाय घडतं का? मग एवढा मोठा माणूस आपोआप घडला?"

"आपोआप कोण म्हणतंय! आणि विज्ञानात थिअरी कशाला म्हणतात, तर जिच्यामागे दहा बाजूंनी पुरावा आहे, जिच्यावरून न पाहिलेलं आधी सांगता येतं, आणि मुख्य म्हणजे, जी खोटी ठरू शकते पण इतक्या वेळा तपासूनही ठरली नाही—"

"खोटी ठरू शकते!" सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली. भिंगरीने लगेच दुसरी मारली. "ऐकलंत? ही स्वतःच म्हणाली!"

मी कपाळावर हात मारला. भिंगरीने तोही मारला.

अध्यक्षांनी मला दुकानात बोलावून, नवा चष्मा लावून बघायला देता देता सांगितलं होतं, की शनिवारी खुला वर्ग आहे, पालक येतील, वाक्याचा निर्णय समिती तिथेच हात वर करून घेईल. ठरलं तर ते वाचायचं. "नाही वाचलंत तर तुम्हाला कायम करायचं का, याचा आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल. आता कसं दिसतंय?" अंधुक दिसत होतं. मोठ्या बाई वाक्याच्या विरोधात होत्या, अध्यक्ष बाजूने. राहिले सासरे, आणि वाक्य तर त्यांचंच. मी ते वाचणार नव्हते, हे मी मनात पक्कं केलं होतं. मनातलं पक्कं तेवढंच माझ्याकडे होतं.

आठवडाभर मी सासऱ्यांशी भांडायचा सराव केला आणि भांडले नाही. चिडून त्यांनी भिंगरीला सांभाळायचं सोडलं तर? भिंगरी पाळणाघरात जाईल, तिथे तिला खोकला लागेल, खोकल्याचा न्यूमोनिया होईल... मी थेट रुग्णवाहिकेच्या आवाजापर्यंत पोचायचे आणि मग उठून किल्ल्या उकळायचे.

शनिवारी सकाळी विज्ञानाच्या खोलीबाहेर ही गर्दी! पालक, मुलं, अध्यक्ष इस्त्रीच्या सदऱ्यात, मोठ्या बाई हातात घड्याळ धरून. खुल्या वर्गासाठी दाराला ताजा हिरवा रंग दिला होता. मी ऐटीत किल्ली घातली. माझी नवी किल्ली, त्याच आठवड्यात नवऱ्याने कापून दिलेली. ती फिरेना. जरा वर उचलून बघितली, दार ओढून बघितलं. ढिम्म.

"माझी घ्या," गणिताच्या दांडग्या सरांनी त्यांची किल्ली काढली. "हिला अर्धी फिरवून जरा दम द्यावा लागतो." त्यांनी दम दिला. किल्लीने दाद दिली नाही. मग भूगोलाच्या बाई, मग ग्रंथपाल, मग खेळाचे सर, मग आणखी दोघं. प्रत्येकाच्या किल्लीची एक खोड होती आणि ती खोड फक्त मालकाला ठाऊक. एकीला खाली दाबायचं, एकीला थोडं बाहेर ओढायचं, एकीच्या वेळी गुडघ्याने दार ढकलायचं. सगळ्यांनी आपापल्या परीने गुडघे लावले. पँटी हिरव्या झाल्या. दार बंदच.

"रंग आत गेलाय, बोल्ट जड झालाय," मागून आवाज आला. सासरे! एका काखेत भिंगरी, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. पेटी ते लग्नालाही नेतात. "जोर लावला तर फिरेल. पण जोर बरोबर किल्लीला लावायचा असतो. वाकड्या किल्लीला लावलात तर ती आतच मोडेल. बघू, सगळ्यांच्या किल्ल्या इकडे द्या."

किल्ल्या एकेक करून पुढे आल्या. सात. सासऱ्यांनी भिंगरी माझ्याकडे दिली, पालकांसाठी मांडलेल्या बाकावर रुमाल पसरला आणि किल्ल्या ओळीने लावल्या. डोळ्याला भिंग लावलं. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा आपला मुलगा दुसऱ्याच्या ताटात जेवताना दिसल्यावर होतो.

"नकलेवरून नक्कल," ते पुटपुटले. "यातली एकही अस्सल किल्लीवरून कापलेली नाही. अस्सल कुठाय?"

"हरवून वर्षं झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुणाला नवी लागली की ज्याची हाताशी असेल ती घेऊन तुमच्याच दुकानात..."

आमच्या घराण्याचा एकच नियम आहे, अस्सल असल्याशिवाय किल्ली कापायची नाही. तो सासरे सांगतात, त्यांचे वडील सांगायचे, आणि माझा नवरा मान डोलावून ऐकतो. कापतो मात्र समोर येईल ती.

"कार्ट्या," सासरे किल्ल्यांना उद्देशून म्हणाले. कार्टं तेव्हा दुकानात होतं.

"दाराला भोक पाडा," अध्यक्ष म्हणाले.

"आजच रंगवलंय!" मोठ्या बाई किंचाळल्या.

"भोक कशाला? अस्सल किल्ली बनवतो की," सासरे म्हणाले.

"पण ती तर हरवलीय. तुम्ही पाहिली होतीत?"

"नाही. कुलूप माझ्या आधीचं आहे." त्यांनी खिशातून कोरी किल्ली काढली. "पण या साती जणी तिच्याच लेकी-नाती आहेत. यांच्या अंगावर सगळं आहे. ही बघा, गणिताच्या सरांची. हिच्या टोकाशी एक चरा आहे. तोच चरा सूनबाईच्या किल्लीवर. चरा काही कुणी मुद्दाम पाडत नाही! म्हणजे सूनबाईची सरांच्या किल्लीवरून कापली."

"हो, सरांचीच नेली होती मी," मी म्हणाले.

"सांगायची गरजच नाही!" त्यांना आता चढली होती.  मी भिंगरीला घट्ट धरलं आणि जवळ सरकले.

"अहो, हा आपला तुमचा अंदाज," अध्यक्ष म्हणाले.

सासऱ्यांनी भिंग काढलं. हळूच. शेजारच्या दोन बायका आपोआप मागे सरकल्या.

"अंदाज?"

"म्हणजे... कोण कुणावरून कापली, ते कुणी पाहिलंय?"

"पाहायला कशाला हवं? किल्ली बोलतीय ना! डोळ्यांवर एवढं मोठं दुकान आहे तुमचं, जरा लावून बघा. चूक एकीची असेल तर ती तिच्यापुरती. तीच चूक, त्याच जागी, तेवढीच, पाच जणींच्या अंगावर दिसली तर तो काय योगायोग? अंदाज म्हणे!"

मला हसू फुटायला लागलं. पोटातून, भांड्यावरचं झाकण उडावं तसं. मी ओठ आवळले. भिंगरी माझ्या तोंडाकडे बघून खिदळायला लागली.

सासऱ्यांनी कानस चालवली. एकेक खाच मोजून, सगळ्या किल्ल्यांवर नजर फिरवून. तिसऱ्या खाचेपाशी थांबले. पाच किल्ल्यांवर ती उथळ होती, दोघींवर खोल. "पाच विरुद्ध दोन. उथळच खरी," ते म्हणाले, आणि तशी घासली. किल्ली पुसली, कुलपात घातली, जोर लावला.

ढिम्म.

"बघा!" अध्यक्षांना इतका आनंद झाला की ते टाचा उचलून उभे राहिले. "खोटी ठरली की नाही?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस, आणि कानाच्या पाळ्या लालबुंद. आणि त्याच क्षणी मला दिसलं! अगदी लख्ख दिसलं.

"बाबा, मतं मोजू नका!" मी ओरडले. "त्या पाच जणी बहिणी आहेत, पाचहींवर तोच चरा आहे! एकाच आईची चूक पाचही जणींकडे आलीय. पाच साक्षी नाहीत त्या, एकच साक्ष आहे, पाच वेळा!"

त्यांनी कानस खाली ठेवली.

"या दोघी घ्या," मी भिंगरीचा पाय किल्ल्यांवरून बाजूला करत म्हणाले. "ग्रंथपालांची शेवटच्या दात्याशी झिजलीय. भूगोलाच्या बाईंची मानेपाशी वाकडी. यांच्या चुका वेगवेगळ्या, म्हणजे या वेगळ्या घरच्या. आणि वेगळ्या घरच्या असूनही तिसऱ्या खाचेबद्दल दोघी एकच सांगतात, खोल! म्हणजे ती आजीकडूनच आली असणार."

सासऱ्यांनी भिंग लावलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "अगं माझे आई," ते म्हणाले. मला की किल्लीला, कळलं नाही.

"उथळची खोल करता येते," ते कानस उचलत म्हणाले. "खोलची उथळ नाही करता येत. चुकलो तर ही कोरी किल्लीपण गेली, आणि दुसरी आणलेली नाही."

"चुकलो तर कळेल तरी," मी म्हणाले.

खर्र, खर्र. अख्खा व्हरांडा त्या कानशीकडे बघत होता. मी एका हाताने भिंगरीची मूठ उघडत होते, कारण तिने ग्रंथपालांची किल्ली लंपास केली होती. सासऱ्यांनी किल्लीवर फुंकर मारली. घातली. जोर लावला. मान लाल झाली, कपाळावरची शीर उठली.

खटॅक.

काय आरडाओरडा झाला! मुलं बाकांवर चढली, गणिताच्या सरांनी खेळाच्या सरांना मिठी मारली, मोठ्या बाई घड्याळ हलवत "शांतता! शांतता!" म्हणत स्वतःच उड्या मारत होत्या. सासरे आणि मी एकमेकांचे हात धरून गोल गोल फिरलो, मध्ये भिंगरी. आमच्या घरात सासरे-सुना असं काही करत नाहीत. कुणाच्याच घरात करत नसतील.

फिरता फिरता मी म्हणाले, "बाबा, तुम्ही पाहिली होतीत का ती अस्सल किल्ली?"

ते थांबले. मी थांबले. भिंगरी मात्र अजून फिरायला बघत होती.

"लबाडे," ते म्हणाले.

"बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करतात," मी धापा टाकत म्हणाले. वर्ग सुरूही झाला नव्हता आणि मी दारातच शिकवत होते. "आपल्याला येत नाही, फळं खावी लागतात. पण ते करायची कृती आपल्या पेशींत अजून आहे, बाबा! फक्त मोडकी. वानरांच्या अंगातपण तीच कृती मोडकी, आणि मोडल्याच्या खुणापण जुळतात. गिनीपिगचीही मोडलीय, पण ती वेगळीच मोडतोड. म्हणजे..."

"म्हणजे गिनीपिग वेगळ्या घरचं," सासरे नकळत म्हणून गेले आणि लगेच जीभ चावली. "थांब थांब. पण किल्ल्या मी केल्या ना! कुणीतरी घडवल्या!"

"तुम्ही नाही, तुमच्या चिरंजीवांनी."

"तेच ते. कारागीर आहे ना?"

"असेल, बाबा. कारागीर नाही, असं मी वर्गात कधी म्हणणार नाही. तो माझा विषयच नाही. पण 'कुणीतरी घडवली' एवढ्यावर आज कुलूप उघडलं असतं?"

 सासरे हातातली किल्ली उलटीसुलटी करत उभे राहिले. तेवढ्यात सगळे आत जाऊन बसले, भिंगरी पुन्हा आजोबांकडे गेली आणि अध्यक्ष फळ्यापाशी उभे राहिले. इतका वेळ गंमत होती. आता गंमत संपली. वाक्याचा कागद टेबलावर होता.

"उशीर झालाय, पटकन घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "हे वाक्य वाचावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." आणि स्वतःचा हात सगळ्यात उंच केला. मोठ्या बाईंनी दोन्ही हात पदराखाली घातले, चुकूनही वर जायला नकोत म्हणून.

सासरे मागच्या बाकावर. दोन्ही हात भिंगरीभोवती.

"अहो, हात!" अध्यक्ष म्हणाले.

"अडकलाय."

"मग मुलीला खाली ठेवा!"

"ठेवली तर ती तुमचे बूट खाईल." वर्ग हसला. मला हसू येईना. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. जाडजूड, काळे पडलेले हात. रोज याच हातांत लेक देऊन मी शाळेत येते, आणि आज माझी नोकरीही त्यांतच होती.

"आणि हे पाहा," सासरे जरा थांबून म्हणाले, "अडकला नसता तरी वर केला नसता."

"वाक्य तुमचंच आहे!"

"म्हणूनच. मघाशी माझी किल्ली एकदा खोटी ठरली. कशामुळे ठरली? तर ती कुलपात घालून बघता येत होती. सूनबाईला विचारा, तुझं म्हणणं खोटं कधी म्हणशील? ती सांगेल. सांग गं."

"माशांच्याही आधीच्या खडकात सशाचं हाड दाखवा," मी म्हणाले.  "किंवा दाखवा की वानरांच्या आणि आपल्या मोडक्या खुणा मुळीच जुळत नाहीत. फळा पुसते."

"ऐकलंत? आता मला विचारा, निर्माता आहे हे तू खोटं कधी म्हणशील? कधीच नाही. मेलो तरी नाही! कुठल्या कुलपात घालून बघणार ते? म्हणजे माझं ते किल्लीसारखं नाहीच. ते माझं घरचं आहे, आत जपून ठेवलेलं. ते तिच्या फळ्यावर कशाला? आणि जे कुलपात घालून पाहिलंय त्याला 'केवळ' म्हणायची माझी तरी हिंमत नाही. आज माझ्या किल्लीला कुणी 'अंदाज' म्हणालं, तर मला किती लागलं."

अध्यक्षांचा हात अजून वरच होता. एकटाच. त्यांनी हळूहळू तो खाली घेतला, वाटेत केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच वर केला होता. मोठ्या बाईंनी टेबलावरचा कागद उचलला, पंखा बंद पडल्यावर घेतात तसा वारा घेतला आणि म्हणाल्या, "करा सुरू."

मी खडू घेतला. तो मोडला. दुसरा घेतला. फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरांत 'उत्क्रांती' लिहिलं. ओळ तिरकी गेली, वर वर, थेट कोपऱ्यात, आणि मला ती पुसून सरळ करावीशी वाटली नाही. मागे वळले तर मागच्या बाकावर एक हात वर झाला होता. आता मात्र तो अजिबात अडकलेला नव्हता.

"मॅडम, शंका आहे."

मला मॅडम! पुढच्या बाकावरची मुलं बाकाखाली जाऊन हसायला लागली.

"विचारा."

"सगळ्या किल्ल्या त्या एका आजीवरून आल्या, मान्य. पण पहिल्यांदा, म्हणजे अगदी पहिल्यांदा, निर्जीवातून सजीव झालं कसं?"

बेरकी म्हातारा! मी सगळ्या वर्गाकडे बघितलं. घाबरायला हवं होतं, सवयच आहे मला. पण मला नाचावंसं वाटत होतं.

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही," मी म्हणाले. "शोधताहेत."

"बघा!" अध्यक्ष खुर्चीतून उठले. "बघा, माहीत नाही म्हणतायत!"

सासऱ्यांनी मान वळवून त्यांच्याकडे असं बघितलं, की भिंगरीनेसुद्धा तोंडातलं बोट काढलं.

"खाली बसा हो," ते म्हणाले. "वर्ग चालू आहे."